तावेर्न पाहायची तर गाडी बेळगावातच ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

होळी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच घोष सुरू होतो : हुर्राक आला, चला पणजीला. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडाची पहिल्या धारेची दारू. रविवारी पहाटे गोवावेशीतून दोन-तीन गाड्या निघतात, चोर्ला घाट उतरतात, दिवसभरात किती बार झाले याची मोजदाद करतात आणि रात्री त्याच घाटाने, तेच चालक घेऊन परत फिरतात. रविवारच्या पुरवण्यांतले ‘एका दिवसात गोवा’ छापाचे लेखही असाच बेत आखून देतात. या बेतात वार चुकतो, माणसांची संख्या चुकते, माप चुकतं आणि परतीची वेळ तर सपशेल चुकते. पणजीच्या जुन्या तावेर्नी मित्रांबरोबर पायी हिंडून पाहणं ही फार सुंदर गोष्ट आहे, पण ती करायची रीत वेगळी आहे. ती जरा तपशिलाने लिहितो.

आधी तावेर्न कशी ओळखायची ते. किनाऱ्यावरचा दिव्यांचा झगमगाट आणि ढणाढणा गाणी म्हणजे तावेर्न नव्हे. तावेर्न म्हणजे जुन्या घराची रस्त्यालगतची एक खोली. पुढे अर्धं दार, आत लाकडी गल्ला, भिंतीला लावलेली बाकं, दोन-तीन टेबलं, कोपऱ्यात क्रूस किंवा संताची तसबीर आणि तिच्यापुढे छोटा दिवा. फळीवर लेबल नसलेल्या काचेच्या बाटल्या आणि बरण्या. एखाद्या बरणीत मुळ्या बुडवलेल्या दिसल्या तर ती दुकशिरी, म्हणजे अनंतमूळ मुरवलेली फेणी. एवढ्या जागेत दहा माणसं बसली की अकराव्याला उभं राहावं लागतं. त्या दहांतले पाच-सहा रोजचे असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ती जागा कुठली हे आपल्याला कळत नाही, म्हणून बसण्यापूर्वी ‘पात्रांव (मालक), खंय बसूं?’ एवढं विचारावं. आपण बेळगावकर भाषेच्या बाबतीत इतके हळवे, पण चोर्ला उतरला की कोण जाणे का, हिंदी फाडायला लागतो. पणजीत मराठी सगळ्यांना कळते आणि कोकणी आपल्याला समजते. निघताना ‘देव बरें करूं’ म्हटलं की पुढच्या खेपेला तोच माणूस ओळख देतो.

टोळी पाच जणांची, फार तर सहा. हा आकडा बाकाच्या लांबीवरून आलेला आहे. बारा जण एकदम आत शिरले की रोजची माणसं उठून जातात, गल्ल्यावरच्या एकट्या माणसाला बारा ऑर्डरी एकदम झेपत नाहीत आणि उरलेले सात-आठ ग्लास घेऊन रस्त्यावर उभे राहतात. फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीतले रस्ते म्हणजे लोकांची अंगणं. समोरच्या खिडकीआड कुणाची तरी आजारी आई झोपलेली असते. शिवाय उघड्यावर पिणं हा गुन्हाही आहे. गोव्याने २०१९मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती केली तेव्हा एकट्याला २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठेवला होता. पुढे सरकारचं धोरण आणखी कडकच होत गेलं आहे. जोसेफ बारसारख्या नावाजलेल्या चिमुकल्या जागी संध्याकाळी सातनंतर गर्दी दारातून बाहेर सांडते. तिथे जायचं तर दार उघडतानाच गाठावं, नाहीतर तो बेत दुसऱ्या दिवसावर टाकावा. मंडळी बारा असतील तर सहा-सहांच्या दोन टोळ्या कराव्यात, एकीने खाडीकडून सुरुवात करावी, दुसरीने चर्चच्या चौकातून, आणि जेवायला एकत्र यावं.

वाराचं म्हणाल तर रविवार टाळा. रविवारी पणजी शहर अर्धं झोपलेलं असतं, बाजार बंद, बऱ्याच जुन्या जागा बंद. शुक्रवारी दुपारी निघून शनिवारी परतणं सर्वांत सोयीचं. दुपारची वामकुक्षीही ध्यानात ठेवा. साधारण एक ते चार-पाच या वेळेत छोट्या जागा दार लोटून घेतात आणि रात्री नऊच्या सुमारास आवरायला लागतात. म्हणजे खरा वेळ संध्याकाळी पाच ते नऊ. गुड फ्रायडेला ख्रिस्ती मालकाच्या तावेर्नीपुढे जाऊन उभं राहू नये. २ ऑक्टोबरला दारूबंदी असते आणि निवडणूक असली तर मतदान संपण्याच्या वेळेआधीचे ४८ तास दुकानं बंद ठेवणं १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानेच सक्तीचं आहे. दर निवडणुकीत कुणीतरी सव्वाशे किलोमीटर जाऊन बंद दारावर थाप मारून येतं, म्हणून हे सांगावं लागतं.

वाट म्हटली तर किलोमीटरभराची. कदंब बसस्टँड पाटोला आहे. तिथून ओरें खाडीवरचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत आपण फोंताइन्हासच्या तोंडाशी. पण आमचं मत विचाराल तर सुरुवात मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यापासून करावी. बेळगावच्या किल्ल्यातल्या सफा मशिदीशी ज्याचं नाव जोडलं जातं तो असदखान लारी याच आदिलशाहीचा सरदार, त्यामुळे आपल्याला ही इमारत अगदीच परकी नाही. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९मध्ये जुन्या गोव्याहून इथे राहायला आला आणि १८४३मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. वाड्याशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, एका बाईवर दोन्ही हात पसरून उभा. कांदोळीत जन्मलेला हा पाद्री संमोहनविद्येच्या पहिल्या अभ्यासकांपैकी. तिथून चर्चचा चौक, मग पोस्ट ऑफिसच्या अंगाने सांतोमे, जुन्या टांकसाळीची इमारत आणि पुढे फोंताइन्हास. ही वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीस एका नारळाच्या बागेच्या जागी उठली. आल्तिन्होच्या टेकडीच्या पायथ्याला झरा आहे, त्या झऱ्यावरूनच वस्तीला हे नाव पडलं. सेंट सेबॅस्टियनच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, जो क्रूस आहे तो जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या (पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या) वाड्यातला. त्यावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत. कपेल उघडं असेल तर हे पिण्याआधी पाहून घ्या. तोंडाला वास घेऊन देवळात शिरत नाही, तसंच तिथेही शिरू नये.

घरांच्या भिंती पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या. पांढरा रंग चर्चसाठी राखलेला, असं सांगतात. फोटो काढणाऱ्यांच्या झुंडींना कंटाळून इथल्या काही रहिवाशांनी दारावर ‘फोटो काढू नये’ अशा पाट्या लावल्या आहेत. त्या पाळाव्यात. दुसऱ्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या खिडकीला टेकून फोटो काढायचा आणि वर त्यालाच ‘जरा बाजूला व्हा’ म्हणायचं, हे शहापुरात किंवा अनगोळात कुणी आपल्या दारात केलं तर आपण काय करू?

आता पेयाकडे. हुर्राक आणि फेणी यांतला फरक आपल्याकडे निम्म्या मंडळींना माहीत नसतो. काजूचं बोंड पिकून आपोआप जमिनीवर पडलं की गोळा करतात. झाडावरचं तोडून घेतलेलं चालत नाही. बी वेगळी काढून बोंडं दगडी किंवा गिलाव्याच्या टाकीत पायाने तुडवतात, हल्ली यंत्रानेही चेचतात. त्या टाकीला कोळंबी म्हणतात. तुडवलेल्या लगद्याचा ढीग करून वर वजन ठेवलं की जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तो ताजा असताना बिनदारूचा असतो आणि अप्रतिम लागतो. टोळीतल्या न पिणाऱ्याला आणि गाडी चालवणाऱ्याला मोसमात यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही. मात्र तो काही तासांतच आंबू लागतो, तेव्हा बाटलीत भरून बेळगावला न्यायच्या भानगडीत पडू नये, वाटेत झाकण उडतं.

तुडवून काढलेला रस साधारण तीन दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. भांड्याला भाण म्हणतात. वाफ नळीतून पाण्यात ठेवलेल्या लवणीत उतरते आणि थंड होते. पहिल्या धारेचा तो हुर्राक. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा काढली की फेणी. बाटलीबंद फेणीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. हुर्राकाचं तसं नाही. ‘फक्त १५ टक्के, बिअरचाच मोठा भाऊ’ असं सर्रास सांगितलं जातं, पण भट्टीवाल्यांची जुनी मोजणी ‘ग्राव’मध्ये चालते आणि ग्राव म्हणजे टक्के नव्हेत. १५ ग्रावचा हुर्राक १५ टक्क्यांचा समजून जो पितो तो फसतो, कारण तो प्रत्यक्षात बराच कडक असतो. त्यात एका भट्टीचा माल दुसरीसारखा नसतो. म्हणून पहिला ग्लास नेहमी छोटा घ्यावा आणि अर्धा तास थांबून अंदाज घ्यावा.

हुर्राकाचा मोसम मार्चपासून मेअखेरपर्यंत. पावसाची पहिली सर आली की संपला म्हणायचं. तो टिकत नाही, वास उडून जातो. दिवाळीत कुणी ‘ताजा हुर्राक’ म्हणून देऊ केला तर समजून जावं. फेणी मात्र वर्षभर मिळते आणि मुरलेली अधिक चांगली. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं आणि २०१६मध्ये गोवा सरकारने फेणीला राज्याचं वारसा पेय ठरवलं. माडाची फेणी निराळी. रेंदेर माडावरून काढतो त्या सुरेपासून, म्हणजे माडीपासून, ती होते, वास सौम्य असतो, आणि नवख्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी हे आमचं मत. काजूच्या फेणीचा पहिला वास अनेकांना सहन होत नाही आणि मग ते ग्लासात कोला ओतून तो मारायला बघतात. तसं करायचं तर बेळगावातच रम घ्यावी, स्वस्त पडेल.

फेणी हे नाव फेसावरून आलं. बाटली हलवली की वर मोत्यांसारखे बुडबुडे जमतात आणि थोडा वेळ टिकतात. जुने लोक त्यावरून कस सांगतात. आणखी एक सोपी पारख : दोन थेंब तळहातावर चोळावेत. सुकल्यावरही बोंडाचा वास राहिला तर ठीक, नुसता स्पिरिटचा झणका येऊन उडून गेला तर स्वस्त मद्यात अर्क घालून केलेला माल असण्याची शक्यता मोठी.

कशी घ्यायची? हुर्राकाला उंच ग्लास, ६० मिली हुर्राक, त्यावर लिम्का १५० ते २०० मिली, चिमूट मीठ, लिंबाची फोड आणि एक हिरवी मिरची उभी चिरून. मिरचीचे तुकडे करू नयेत, बिया मोकळ्या झाल्या की दोन घोटांनंतर जीभ बधिर होते आणि चव कळेनाशी होते. उभी चीर दिली की फक्त वास उतरतो. बर्फ मोठा असावा, चुरा लगेच वितळून सगळं पाणचट करतो. हे मिश्रण एप्रिलच्या उन्हात सरबतासारखं लागतं आणि धोका नेमका तिथेच आहे. तहान म्हणून चार ग्लास कधी गेले ते उठताना कळतं. म्हणून तहान पाण्याने भागवायची, दर ग्लासामागे एक मोठा पेला पाणी. फेणी ३० मिली, सोडा, लिंबू आणि मीठ, एवढ्यावर थांबावं.

हिशेब सरळ आहे, पण तो आधीच करून ठेवलेला बरा. ३० मिली फेणीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे साठ ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली चार स्मॉल (३० मिलीच्या) फेणीच्या बरोबरीची, हे तर बहुतेकांना ऐकून पटतच नाही. ७० किलो वजनाच्या पुरुषाचं शरीर तासाला साधारण ७ ग्रॅमच जाळू शकतं. बाईचं किंवा हलक्या अंगाच्या माणसाचं त्याहून कमी. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. म्हणून आमचं माप : एका संध्याकाळी तीन तावेर्नी, प्रत्येकीत ३० मिलीचा एकच ग्लास, पाऊण तास बसायचं, मग दहा मिनिटं चालायचं. चौथी तावेर्न पाहायची असेल तर तिथे सोडा घ्यावा. जागा पाहायला पैसे पडत नाहीत, आणि गल्ल्यावरच्या माणसाला एखादा ग्राहक सोडा पितो याचं काही वाटत नाही.

खाण्याचंही आधी ठरवावं, कारण उपाशीपोटी फेणी हा सगळ्यांत हमखास घोळ. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी दारूने एकदम उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं ही तिची लक्षणं नशेसारखीच दिसतात आणि मित्र ‘चढली रे याला’ म्हणून हसत बसतात. असा कुणी सोबत असेल तर टोळीतल्या एकाला तरी ते माहीत असावं आणि त्याच्या खिशात साखरेच्या पुड्या असाव्यात. निघण्यापूर्वी भाजी-पाव किंवा पोई या गोव्याच्या पावाबरोबर ऑम्लेट खाऊन घ्यावं. पणजीत दुपारी उशिरापर्यंत पातळ भाजी आणि पाव मिळण्याची भ्रांत नाही. संध्याकाळी हातगाड्यांवर रॉस ऑम्लेट मिळतं, ऑम्लेटवर कोंबडीचा किंवा मटणाचा शागुतीचा रस्सा आणि सोबत पाव. चोरीस पाव म्हणजे पावात घातलेलं डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट सॉसेज. आपल्या टोळ्यांत लिंगायत, जैन, मुसलमान, सोमवार-शनिवार पाळणारे असे सगळे असतात, तेव्हा ताटात काय आहे ते मागवण्यापूर्वी विचारलेलं बरं. तावेर्नीत बहुधा चण्याच्या, शेंगदाण्याच्या किंवा तळलेल्या मासळीच्या पलीकडे चखणा नसतो. पोट भरायचं ते बाहेर.

पैशांची काँट्री आधी काढावी. एकाने खजिनदार व्हावं आणि सुट्ट्या नोटा ठेवाव्यात. दर ठिकाणी टीटीएमएम (तू तुझे, मी माझे) करत सहा जणांनी सहा फोन पुढे केले की छोट्या जागेत खोळंबा होतो. छोट्या तावेर्नींत स्वच्छतागृह नसतंच, असं धरून चालावं. बसस्टँड किंवा जेवणाचं हॉटेल हाच पर्याय. फोंताइन्हासच्या बोळात भिंतीचा आडोसा शोधणारा इसम दिसला की तो कुठल्या राज्यातून आला हे तिथले लोक नंबरप्लेटवरून सांगतात. आपल्या ‘केए २२’ला ती ख्याती मिळू नये. रात्री दहानंतर मोबाइलच्या स्पीकरवर गाणी, टाळ्या, ‘एक नंबर’च्या आरोळ्या यांवरही तेच.

आता परतीचं, आणि इथे आम्ही जरा कडक बोलणार आहोत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. ७० किलोच्या माणसाने लागोपाठ दोन स्मॉल फेणी घेतली की तो साधारण ४०च्या घरात जातो, म्हणजे मर्यादेबाहेर. रात्री दोन क्वार्टर घेतलेला माणूस ‘झोपून उठलोय, उतरली’ म्हणत सकाळी आठला चाकामागे बसतो तेव्हाही तो मर्यादेबाहेर असू शकतो. झोपेने सुस्ती जाते, अल्कोहोल त्याच्या वेळेनेच जातं.

आणि चोर्ला हा काही टिळकवाडीतला रस्ता नव्हे. कणकुंबीपासून खाली नागमोडी वळणं, दोन्ही बाजूंना रान, रात्री रस्त्यावर गवे येतात. जूनपासून धुकं असं की स्वतःच्या बॉनेटपलीकडे दिसत नाही, त्यात पडलेली झाडं आणि खड्डे. जांबोटी ते चोर्ला या पट्ट्यात मोबाइलला रेंज धड नाही, त्यामुळे काही झालं तर मदत बोलावण्यातच वेळ जातो. चढाच्या वळणावर ओव्हरटेक करणारा आणि उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारा, दोघेही शुद्धीत असताना धोक्याचे. प्यालेले असताना काय असतील? अनमोडचा रस्ता निवडला म्हणून घाट टळत नाही.

म्हणून गाडी घरी ठेवा. बेळगावच्या बसस्टँडवरून पणजीला कर्नाटकाच्या आणि कदंबच्या बसगाड्या आहेत, चोर्लामार्गे तीन तास धरावेत, पावसाळ्यात चार. खानापूर-लोंढ्याकडच्या मंडळींना रेल्वे सोयीची. कॅसलरॉक, दूधसागर, कुळे करत मडगावला उतरायचं आणि तिथून पणजीची शटल बस. वाटेतला घाट पाहायला मिळतो तो नफा. गाडी न्यायचीच तर न पिणारा चालक हवा, आणि ‘मी एकच घेईन’ म्हणणारा मित्र म्हणजे न पिणारा चालक नव्हे. पगारी चालक घेतलात तर त्याच्या जेवणाची आणि निजण्याची सोय करा. त्याला रात्रभर गाडीत बसवून सकाळी घाट चढायला लावणं हेही तितकंच वाईट. मुक्काम फोंताइन्हासातल्या किंवा आसपासच्या एखाद्या जुन्या घरातल्या लॉजवर केला की शेवटच्या तावेर्नीतून खोलीपर्यंत चालत जाता येतं. सकाळी लवकर उठून तेच बोळ पुन्हा फिरावेत. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, सायकलवरचे पाव, दारातले सडे, हे रात्री दिसत नाही.

बाटल्या आणण्याचा मोह आवरा. गोव्यातल्या दारूच्या बाटलीवर ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं छापलेलं असतं, ते शोभेला नव्हे. परवान्याशिवाय ती कर्नाटकात आणणं हा १९६५च्या कर्नाटक अबकारी कायद्याखाली गुन्हा आहे आणि चोर्ला, अनमोड या दोन्ही वाटांवर तपासणी होते. डिकीत, स्टेपनीखाली, कपड्यांच्या बॅगेत, या सगळ्या जागा तपासणाऱ्यांना पाठ आहेत. बाटली जाते, गाडी अडकते आणि तारखांना खेपा घालाव्या लागतात. आठवण म्हणून काही आणायचंच तर पोई आणा, कोकमाची सोलं आणा. जिथे जाऊन पुन्हा बसायचं आहे तिथे जाताना मात्र इथून कुंद्याचा एक डबा न्यावा. मोसमाच्या भरात, दुपारी दार लोटायच्या वेळी, गल्ल्यावरच्या माणसाने कुंदा चाखून कुठल्या भट्टीचा हुर्राक या वर्षी चांगला उतरला ते सांगितलं, तर ती माहिती पुरवणीतल्या कुठल्याही यादीत मिळत नाही.

एक विनंती. चंदगड आणि खानापूर तालुक्यांत काजू आहे, बिया विकल्या जातात आणि बोंडं मात्र बागेतच कुजतात. नीरो आणि बोंडाच्या सरबतासाठी तरी आपल्याकडे काय करता येईल यावर आपल्या वार्ताहरांनी बागाईतदारांना भेटून लिहावं. आणि ‘एका दिवसात गोवा’ पुन्हा छापणार असाल, तर संध्याकाळी सातनंतरचा परतीचा कार्यक्रम त्यातून काढून टाकावा.

आपले,
चोर्लामार्गे नेहमी ये-जा करणारे काही वाचक,
बेळगाव व खानापूर